‘तुम्हीच ठरवा’ ते ‘चूक माझीच’: एका प्रयोगशाळेतलं प्रकरण

हे प्रकरण एका मध्यम आकाराच्या रुग्णालयातल्या बायोकेमिस्ट्री विभागाचं आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, घटनाक्रमाचा सांगाडा मात्र तसाच ठेवला आहे. चौकशी दुसऱ्यांदा उघडली तेव्हा बाहेरचा सदस्य म्हणून मला बोलावलं होतं, त्यामुळे नोंदवह्या, क्यूसीचे (म्हणजे मशीनच्या रोजच्या तपासणीचे) आलेख आणि सगळ्यांची निवेदनं पाहायला मिळाली. विभागप्रमुखांना इथे ‘मॅडम’ म्हणतो, कारण तिथे सगळे तसंच म्हणायचे.

पार्श्वभूमी

मॅडम येण्याआधी विभाग ज्या सरांच्या हाताखाली होता, त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. रोज मशीनवर आधी क्यूसी लावतात, म्हणजे ज्याचं उत्तर ठाऊक आहे असं द्रव लावून मशीन खरं सांगतंय का ते बघतात. ते हद्दीबाहेर गेलं की सर खवळायचे. मग तंत्रज्ञ ते ‘आत’ येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावायचे आणि शेवटचा बरा आकडा तेवढा वहीत उतरवायचे. वही स्वच्छ, मशीनचं काय ते देव जाणे.

मॅडमनी हे बदललं. रोज सकाळी पाळी बदलताना सगळे उभ्याउभ्या दहा मिनिटं बोलायचे. कुणाकडून काही बिघडलं तर ते लिहिल्याबद्दल बोलणी बसायची नाहीत. पहिल्याच बैठकीत त्या म्हणाल्या होत्या, “मशीनवर तुम्ही बसता, मी सही करते. मशीन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.” वर्षभरात चुकांच्या वहीतल्या नोंदी कितीतरी वाढल्या. चुका वाढल्या नव्हत्या, लपणं थांबलं होतं. हे श्रेय मॅडमचंच, आणि पुढचं सगळं वाचताना ते विसरू नये.

पण दुसऱ्या वर्षात याच चांगल्या सवयीला एक वळण लागलं. कोणताही प्रश्न नेला की तो परत यायचा: “तुम्हाला काय वाटतं?” त्यावर मत दिलं की, “बाकीच्यांशी बोला, सगळ्यांना पटलं तर करू.” उदाहरणार्थ, क्यूसीची हद्द. विभाग ती कंपनीच्या माहितीपत्रकातून जशीच्या तशी घेत होता. माहितीपत्रकातली हद्द अनेक प्रयोगशाळा आणि अनेक मशीन धरून काढलेली असते, म्हणून ऐसपैस असते. आपल्या मशीनवरचे निदान वीस आकडे घेऊन स्वतःचं सरासरी मूल्य आणि स्वतःचं प्रमाण विचलन, म्हणजे एसडी (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते), काढून त्यावरून हद्द ठरवायची असते. वरिष्ठ तंत्रज्ञांनी हे महिन्यांपूर्वी सुचवलं होतं. मॅडमना पटलंही होतं. “सगळ्यांचं मत घेऊ” इथे ते थांबलं आणि तिथेच राहिलं. नाही असं कुणीच म्हणालं नव्हतं.

अडचण

सोमवारी सकाळी सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या मशीनच्या कॅलिब्रेटरचा, म्हणजे ज्याच्यावरून मशीन आपले आकडे जुळवतं त्या द्रवाचा, नवा लॉट (नवी खेप) लागला. नव्या लॉटची ठरीव मूल्यं मशीनमध्ये भरायची असतात. त्या दिवशी पोटॅशियमची जुनीच मूल्यं राहिली. मशीन सोमवारपासून पोटॅशियम सुमारे दहा टक्के जास्त दाखवू लागलं.

पोटॅशियमच्या बाबतीत दहा टक्के हा किरकोळ फरक नव्हे. रक्तातली नेहमीची पातळी साधारण ३.५ ते ५.० मिलिमोल प्रति लिटर, म्हणजे हद्दच मुळात अरुंद. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांच्या नियमांत पोटॅशियमसाठी चालणारी चूक आधी ०.५ होती, ती २०२५ पासून ०.३ वर आणली आहे. इथे खरं ४.० असेल तर ४.४ दिसत होतं आणि खरं ३.२ असेल तर ३.५, म्हणजे रिपोर्टवर ‘नॉर्मल’.

क्यूसीने हे दाखवलं का? दाखवलं. पहिल्या पातळीच्या द्रवाचं सरासरी मूल्य ४.०, माहितीपत्रकाची हद्द ३.५ ते ४.५. आकडे येत होते ४.३, ४.४, ४.५, ४.४. एकही बाहेर नाही. पण आलेखावर सगळे ठिपके मधल्या रेषेच्या वर, एकामागोमाग एक. दुसऱ्या पातळीचंही तेच. १९८१ साली वेस्टगार्ड आणि सहकाऱ्यांनी मांडलेले क्यूसीचे नियम कोणत्याही तंत्रज्ञाला शिकवलेले असतात, आणि सलग दहा ठिपके एकाच बाजूला पडले तर मशीन एका दिशेला सरकलंय असं धरायचं, हा त्यांतलाच एक. विभागाने स्वतःची एसडी काढली असती तर हेच आकडे पहिल्याच पाळीत हद्दीच्या खूप बाहेर पडले असते आणि नियम आठवायचीही गरज पडली नसती.

मंगळवारी रात्रपाळीला असलेला तंत्रज्ञ विभागात सगळ्यात नवा. त्याने ठिपके मोजले, बारा भरले. वहीत लिहिलं आणि बुधवारी सकाळच्या बैठकीत सांगितलं.

पहिला निर्णयाचा क्षण: बुधवारची सकाळ

त्या बैठकीत जे झालं ते तिघांच्या निवेदनांत जवळजवळ सारखंच आहे. नवा तंत्रज्ञ म्हणाला, “मॅडम, पोटॅशियम दोन दिवस वरच चाललंय. थांबवून बघूया का?” वरिष्ठ म्हणाले, “रेंजमध्ये आहे की. नवा लॉट लागलाय, क्यूसी थोडं हलतंच. मीन बदलून घेऊ.” दोघांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही दोघं मिळून ठरवा. मशीनवर तुम्ही बसता.” बैठक संपली. वरिष्ठांनी मीन, म्हणजे आलेखावरची सरासरीची मधली रेषा, बदललं. रात्रपाळीचा मुलगा घरी गेला.

वरिष्ठांचं म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. क्यूसीचं द्रव हे प्रक्रिया केलेलं असतं, रुग्णाच्या रक्तासारखं हुबेहूब नसतं. लॉट बदलल्यावर क्यूसी सरकलं पण रुग्णांचे आकडे जागच्या जागी राहिले, असं खरोखर होतं. तेव्हा त्या क्षणी दोन शक्यता होत्या आणि कोणती खरी हे खोलीतल्या कुणालाच माहीत नव्हतं. ते कळायला सोपा उपाय होता: आदल्या आठवड्यातली, फ्रिजमध्ये ठेवलेली रुग्णांची चार-पाच सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा केलेला द्रव) सॅम्पल पुन्हा लावायची किंवा आजचीच तातडीच्या विभागातल्या दुसऱ्या मशीनवर लावायची. अर्ध्या तासाचं काम.

त्या सकाळी मॅडमपुढे तीन वाटा होत्या. वरिष्ठांचं ऐकून काम चालू ठेवायचं. पोटॅशियम सरळ बंद करून कंपनीच्या इंजिनिअरला बोलवायचं, मग वॉर्डांचे फोन झेलायचे. किंवा, “मला माहीत नाही कोण बरोबर आहे, म्हणून अर्धा तास पोटॅशियमचे रिपोर्ट थांबवा, पाच सॅम्पल दोन्हीकडे लावा आणि आकडे घेऊन माझ्याकडे या” असं सांगायचं. तिसऱ्या वाटेत ‘मला माहीत नाही’ही आहे आणि ‘थांबवा’ही. त्यांनी पहिला अर्धा भाग घेतला आणि दुसरा सोडला.

“दोघं मिळून ठरवा” हे ऐकायला समतेचं वाटतं. पण वीस वर्षं काम केलेला माणूस आणि नुकताच रुजू झालेला पोरगा मिळून काही ठरवत नसतात. मोठा ठरवतो, लहान मान डोलावतो. प्रमुखाने निर्णय सोडला की तो सगळ्यांत वाटला जात नाही, पुढच्या ज्येष्ठाकडे आपोआप जातो. इथे आणखी एक गुंता होता जो तेव्हा कुणाच्या ध्यानात आला नाही: सोमवारी कॅलिब्रेटरची मूल्यं वरिष्ठांनीच भरली होती. म्हणजे आपल्याच कामात खोट आहे का, याचा निवाडा त्यांच्याकडे गेला होता, त्यांच्या नकळत.

शिवाय विभागाच्या कार्यपद्धतीत लिहिलेलं होतं की रिपोर्ट थांबवण्याचा अधिकार फक्त विभागप्रमुखांचा. म्हणजे ज्यांना ‘ठरवा’ म्हटलं, त्यांना दोनपैकी एकच गोष्ट ठरवता येत होती.

काय घडलं

गुरुवारी संध्याकाळी अतिदक्षता विभागातून फोन आला. हृदय कमजोर असलेला, फ्युरोसेमाइड चालू असलेला रुग्ण. या औषधाने लघवीवाटे पोटॅशियम जातं, म्हणून ते रोज तपासत होते. बुधवारी ३.६, गुरुवारी ३.५. दोन्ही हद्दीत म्हणून वरून पोटॅशियम दिलं नव्हतं. आता मॉनिटरवर जास्तीचे ठोके दिसू लागले होते आणि त्यांच्या ब्लड गॅसच्या (न गोठलेलं रक्त थेट मोजणाऱ्या) मशीनवर ३.० येत होतं. “तुमचं खरं की आमचं?”

रक्त गोठताना पेशींतून थोडं पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामुळे सिरममधला आकडा ब्लड गॅसपेक्षा जरा जास्त असतोच. फोन घेणाऱ्याने हेच सांगितलं असतं तर ते चुकीचं ठरलं नसतं, आणि प्रकरण आणखी एक दिवस लांबलं असतं. सुदैवाने फोन मॅडमनी घेतला. “तुमचं धरा आणि उपचार करा, मी बघते,” म्हणाल्या आणि पोटॅशियम बंद केलं. रात्रीत जुनी मूल्यं सापडली, दुरुस्त झाली, सोमवारपासूनची जपून ठेवलेली सॅम्पल पुन्हा लावली, सुधारित रिपोर्ट गेले. रुग्णाला पोटॅशियम दिलं, ठोके सुधारले, पुढे तो घरी गेला. ठोके निव्वळ या चुकीमुळे बिघडले असं छातीठोक म्हणता येणार नाही. आजारी हृदयाला कारणं पुष्कळ असतात. पण उपचाराला उशीर झाला हे नक्की.

दुसरा निर्णयाचा क्षण: ‘चूक माझीच’

शनिवारी रुग्णालयाच्या बैठकीत कुणी काही विचारायच्या आत मॅडम उभ्या राहिल्या. “विभाग माझा आहे, चूक पूर्णपणे माझी आहे. माझ्या लोकांना कृपया काही विचारू नका.” सभागृहात शांतता. अधीक्षकांनी त्यांच्या मनाच्या मोठेपणाबद्दल चार शब्द बोलून विषय संपवला. इतिवृत्तात कारण लिहिलं गेलं: ‘कॅलिब्रेशनमधील तांत्रिक त्रुटी. विभागप्रमुखांनी जबाबदारी स्वीकारली.’

ज्यांनी ज्यांनी मला हे सांगितलं त्यांच्या आवाजात कौतुक होतं. मला ते पटत नाही. बुधवारी “तुम्हीच ठरवा” म्हटल्याने निर्णय कुणाचा हे अंधुक झालं. शनिवारी “सगळं माझं” म्हटल्याने नेमकं काय चुकलं हे अंधुक झालं. माहितीपत्रकातली हद्द, थांबवण्याचा अधिकार, मूल्यं भरल्यावर दुसऱ्याने तपासायची सोय नसणं, बारा ठिपक्यांची नोंद, यातलं काहीच त्या बैठकीत आलं नाही. सगळ्यांवर पांघरूण पडलं, आणि पांघरूण घालणाऱ्याचा सत्कार झाला.

दोन्ही वेळा मॅडमचा हेतू शुद्ध होता, म्हणून तर हे ओळखायला कठीण जातं. उद्दामपणाने झालेले अपघात आपल्याला पाठ असतात. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो विमानं आदळून ५८३ माणसं गेली. समोरची धावपट्टी मोकळी आहे का, अशी शंका फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली होती आणि कॅप्टनने ती उडवून लावली. त्यानंतर हाताखालच्यांनी बोलावं आणि वरच्यांनी ऐकावं, याचं प्रशिक्षण विमानसेवेत रुजलं. आमच्या प्रकरणात हाताखालचा बोलला आणि वरच्याने ऐकलंही. ऐकल्यावर पुढे काय करायचं, ते काम राहिलं.

प्रकरण पुन्हा का उघडलं

गुणवत्ता विभागाचा एक फॉर्म असतो, प्रकरण बंद करताना संबंधितांनी सही करायचा. रात्रपाळीच्या तंत्रज्ञासमोर तो आला. ‘शेरा’ हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. त्याने बारीक अक्षरात लिहिलं: ‘मी बुधवारी सकाळी सांगितलं होतं. त्यावर काय ठरलं ते मला अजून माहीत नाही.’

मॅडमनी ते वाचलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः अर्ज करून चौकशी पुन्हा उघडायला लावली. या प्रकरणातला त्यांचा सगळ्यात चांगला निर्णय हाच, आणि त्याला टाळ्या मिळाल्या नाहीत. अधीक्षक वैतागले. “तुम्ही जबाबदारी घेतली ना? मग आता काय उकरायचंय?”

या वेळी पर्याय नीट तोलले गेले. एक, आधीचंच निवेदन ठेवून फक्त तांत्रिक सुधारणा करायच्या. वरिष्ठ वाचले असते, विभागात कुरबूर झाली नसती. दोन, ‘यंत्रणेची चूक’ असं म्हणायचं. हा शब्द सोयीचा आहे, त्यात खरंही बरंच असतं, पण यंत्रणेत बसलेल्या माणसांनी कुठे काय केलं हे त्यात विरघळून जातं. तीन, प्रत्येकाने आपापला निर्णय वेळेसकट लिहायचा आणि सुरुवात मॅडमनी करायची. तिसरा पर्याय निवडला. मी त्याला एक अट जोडायला सांगितली: दुसऱ्याबद्दल एक वाक्यही लिहायचं नाही.

मॅडमचं निवेदन एका पानाचं होतं. त्यात ‘पूर्णपणे माझी चूक’ हे शब्द नव्हते. होतं ते असं: बुधवारी सकाळी मला शंका सांगण्यात आली. रिपोर्ट थांबवण्याचा अधिकार माझा होता. मी तो वापरला नाही आणि दुसऱ्या कुणाला दिलाही नाही. त्याआधी क्यूसीच्या हद्दीबद्दलची सूचना मी काही महिने प्रलंबित ठेवली, त्याला कारण नव्हतं. शनिवारच्या बैठकीत मी तपशील येऊ दिले नाहीत.

हे वाचल्यावर वरिष्ठांनी आपलं लिहिलं, मूल्यं भरल्याचं. ते जड गेलं त्यांना. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं, हे लक्षात घ्यायला हवं.

केलेले बदल

तांत्रिक बदल पटकन झाले. स्वतःची एसडी काढली. नवा लॉट लावण्याआधी रुग्णांची सॅम्पल जुन्या-नव्यावर लावून ताडून पाहणं सुरू झालं. मूल्यं एकाने भरायची, दुसऱ्याने तपासून सही करायची.

खरा खल झाला अधिकारावर. वैद्यकीय प्रयोगशाळांच्या आयएसओ १५१८९ या मानकात म्हटलंय की प्रमुख आपली कामं सोपवू शकतो, अंतिम जबाबदारी मात्र त्याचीच राहते. विभागात तोवर नेमकं उलटं चाललं होतं: जबाबदारी बोलण्यातून सगळ्यांची, अधिकार कागदावर एकाचा. आता मशीनवर बसलेला कुणीही शंका आली तर ती तपासणी थांबवू शकतो आणि थांबवल्यावर मॅडमना कळवतो. आधी परवानगी घेत नाही.

दुसरं म्हणजे निर्णयांची वही. रकाने चार: प्रश्न काय, मतं कुणाची, निर्णय कुणाचा, पुन्हा केव्हा बघायचं. पहिले काही आठवडे तिसऱ्या रकान्यात सगळीकडे ‘सर्वानुमते’ भरलं जात होतं. मॅडमनी त्या शब्दावर बंदी घातली. नाव लिहायचं, एकच.

रुग्णाच्या घरच्यांना भेटायला मॅडम आणि उपचार करणारे डॉक्टर दोघं गेले. अधीक्षकांचा सल्ला होता की फक्त दिलगिरी व्यक्त करावी. मॅडमनी आकडे सांगितले: काय दिसत होतं, काय असायला हवं होतं, कुणाला केव्हा कळलं, आता काय बदललंय. रुग्णाच्या मुलीने एकच विचारलं, “बुधवारी कळलं होतं तर बुधवारी का नाही थांबवलं?” मॅडम म्हणाल्या, “मी थांबवायला हवं होतं.” मुलीने पुढे काही विचारलं नाही, तक्रारही केली नाही. ती समाधानी झाली असा अर्थ मी त्यातून काढणार नाही.

परिणाम

थांबवण्याचा अधिकार वापरला जाऊ लागला. काही वेळा उगाचही. एकदा रात्री कॅल्शियम थांबवलं, वॉर्डने आरडाओरडा केला, सकाळी कळलं की मशीन ठीक होतं. वॉर्डचा फोन मॅडमनी घेतला, थांबवणाऱ्याला झापलं नाही, पण पुढच्या बैठकीत ‘शंका आल्यावर आधी दुसरं सॅम्पल लावून बघ’ हे त्याला सगळ्यांदेखत शिकवलं. काहींना ते टोचलं. मॅडम आता आधीच्या सरांसारख्या व्हायला लागल्यात, अशी कुजबुज मी स्वतः ऐकली. दोन वर्षं प्रत्येक प्रश्न परत मिळायची सवय झालेल्यांना उत्तर मिळालं की हुकूम वाटतो. ही तक्रार काही महिन्यांनी विरली, पूर्ण गेली नाही.

वरिष्ठ तंत्रज्ञांनी दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. कुणी त्यांना दोष दिला नव्हता, तरी. मॅडमनी शनिवारऐवजी गुरुवारी रात्रीच त्यांना बाजूला घेऊन, “मूल्यं तुम्ही भरलीत हे समोर येणार आहे, आपण दोघं मिळून सांगू” असं म्हटलं असतं, तर कदाचित ते राहिले असते. आधी झाकून मग उघडण्यात त्यांची दोनदा फरफट झाली.

वेगळं काय करता आलं असतं

बुधवारचं वर येऊन गेलं. शनिवारच्या बैठकीबद्दल माझं मत असं की ‘चूक माझी’ हे म्हणायला हरकत नव्हती, पण शेवटी. आधी घटनाक्रम, मग माझा निर्णय कोणता होता, मग जबाबदारी. क्रम उलटा झाला की ऐकणारे पहिल्या वाक्याला भारावतात आणि पुढचं विचारायचं राहून जातं. अधीक्षकांनीही विचारायला हवं होतं: “कोणती चूक?”

रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने बुधवारी घरी जाण्याआधी आग्रह धरायला हवा होता का, यावर समितीत मतभेद झाले. एका सदस्याचं म्हणणं, त्याने आपलं काम केलं, त्याहून जास्त अपेक्षा अन्याय आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, सांगून मोकळं होणं हीसुद्धा जबाबदारी ढकलण्याचीच एक तऱ्हा आहे. मी पहिल्या बाजूचा, कारण त्याच्या हातात तेव्हा काहीच नव्हतं. आज तोच प्रश्न आला तर उत्तर बदलेल, कारण आज त्याच्या हातात थांबवण्याचं बटण आहे.

एक गोष्ट समितीला सोडवता आली नाही. थांबवण्याचा अधिकार सगळ्यांना दिला, तर पुन्हा सुरू करण्याचा कुणाला? मॅडमचं म्हणणं, माझ्या किंवा मी नेमलेल्या माणसाच्या सहीशिवाय नाही. तंत्रज्ञांचं म्हणणं, मग रात्री दोनला तपासणी थांबवायला कुणी धजणार नाही, कारण प्रत्येक वेळी मॅडमना उठवावं लागेल. सध्या सहा महिन्यांसाठी मॅडमचा नियम लागू आहे आणि निर्णयांच्या वहीत तिसऱ्या रकान्यात त्यांचं नाव आहे.